कोनाड्याची कवळी

सारंगखेड्याच्या यात्रेत मी दरवर्षी एका लिंबाखाली सतरंजी टाकून बसायचो. समोर पाटी असे, ‘दात बसवून मिळतील’. डाव्या हाताला जिलबीवाला आणि उजव्या हाताला घोड्यांचा बाजार. जिलबी खाणारे माझी उद्याची गिऱ्हाइकं होती, म्हणून त्या शेजाराबद्दल माझी तक्रार नव्हती. पण जास्त करमणूक घोड्यांच्या बाजूला व्हायची.

तिथे नंदुरबारचे रहीमचाचा असत. घोड्यांचे जुने दलाल. घोड्याचं वय दातांवरून कळतं. चाचा घोड्याचा ओठ अंगठ्याने उलटा करत, आत डोकावत आणि ‘पाच साल’ किंवा ‘बारा साल, झूठ मत बोल’ असा निकाल देत. त्यावर अपील नसे. गंमत अशी की चाचांच्या स्वतःच्या तोंडात औषधालाही दात नव्हता. मी एकदा विचारलं, “चाचा, दुनियेची तोंडं उघडून बघता, तुमचं कधी बघितलंत?”

“बिकने को घोडा आया है भाऊ, मैं नहीं,” चाचा म्हणाले. मग एका म्हाताऱ्या घोडीकडे बोट करून हळूच म्हणाले, “इसको दो दाँत लगा दो ना. सात साल की हो जाएगी.”

मी तेव्हा खूप हसलो. दुसऱ्यांची तोंडं बघून पोट भरणारा माणूस स्वतःचं तोंड बघत नाही, हे चाचांना सुनावणारा मी कोण होतो, ते मला पुढे सहा-सात वर्षांनी कळलं. हे सगळं त्याबद्दलच आहे.

मी डॉक्टर नव्हे. वडील शहाद्याला सोनारकाम करायचे. कानस आणि मूस माझ्या हाताला लहानपणापासून ओळखीची. सुरतेला एका दातवाल्याच्या हाताखाली चार वर्षं काढली आणि एकोणीसशे पंचावन्नच्या सुमारास शहाद्यात परत येऊन दुकान थाटलं. काम ऐकायला अवघड, करायला चिकाटीचं. गरम पाण्यात मऊ केलेला लाखेसारखा गोळा गिऱ्हाइकाच्या तोंडात दाबायचा, की हिरड्यांचा ठसा उठतो. त्या ठशात प्लास्टर ओतलं की हुबेहूब तोंड तयार, त्याला आम्ही साचा म्हणायचो. साच्यावर मेणाची कवळी घडवायची, तीत दात रोवायचे आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक भरून ते उकळत्या पाण्यात पक्कं करायचं. मग घासणं आणि बसवणं, परत घासणं आणि परत बसवणं. नवी कवळी म्हणजे नवी सून, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोसल्याशिवाय जमत नाही.

साचे मी फेकत नसे. बुडाशी पेन्सिलीने नाव लिहून फळीवर ठेवत असे. तालुक्यातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी माझ्या फळीवर ‘आ’ करून बसलेली होती. ज्यांचे थोडे दात शिल्लक असत, त्यांचा साचा बघून ते तंबाखू कुठल्या गालात धरतात हे मी न विचारता सांगायचो. त्या जागी हिरडी खाली खचलेली असे. गिऱ्हाईक चाट पडायचं आणि मी मिशीत हसायचो. हसताना माझ्या डाव्या गालात तंबाखूचा बार असायचाच.

आमच्याकडे पाहुण्यापुढे पाणी आणि तंबाखू बरोबरच येतात. कुणी चंची पुढे केली आणि समोरच्याने मान हलवली, की लगेच प्रश्न येतो, “काब्र? आम्हना हातनं चालत नही का?” सोयरिकी जमायच्या त्या तंबाखूवर आणि भांडणं मिटायची तीही तंबाखूवर. माझ्या दुकानातही गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की आधी चुना मळला जायचा आणि मग तोंड उघडलं जायचं.

कळसाडीचे नथ्थूभाई अशाच एका दुपारी आले. गुजर शेतकरी, पन्नाशी ओलांडलेले, कापूस आणि ऊस, घरचं गुऱ्हाळ. घरात ते आपली गुजरी बोलत, माझ्याशी अहिराणी, आणि कोर्टकचेरीत मात्र गप्प बसत. सगळे दात गेलेले होते. मी वरची-खालची पुरी कवळी केली आणि ती खरोखरच सुंदर झाली होती. नथ्थूभाईंनी आरशात बघितलं आणि त्यांनाच लाजल्यासारखं झालं.

आठ दिवसांनी कवळी रुमालात बांधून हजर.

“दुखते का?” मी विचारलं.

“नही. दात भलता चांगला शे, भाऊ. पन मन्ही तमाखूले जागा नही ऱ्हायनी. ठेवू कथा?”

अडचण खरी होती. कवळीची कड गाल आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत बसते, आणि तीच तंबाखूची पिढीजात जागा. बार ठेवला की कवळी उचलली जायची. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मग तंबाखू सोडा. पण मी म्हणजे चोराच्या वाटा जाणणारा चोर. मला त्यांची अडचण पटकन पटली. तरी धंद्याची रीत म्हणून म्हणालो, “दोन्हींतलं एक निवडा.”

“नवा भाडेकरी उना म्हनीसन जुनाले बाहेर काढू का?” नथ्थूभाई म्हणाले.

मग मी ती अक्कल लढवली. खालच्या कवळीच्या डाव्या कडेला, गालाच्या बाजूने, कोरून एक छानसा कोनाडा केला. बरोबर एका बारापुरता. कडा गुळगुळीत, तळाला हलका उतार. सोनाराचा हात होता, नजर लागावी असं काम झालं. नथ्थूभाईंनी तिथल्या तिथे बार भरला, दोनदा मान झटकली, मोठ्याने हसून बघितलं. कवळी जागची हलली नाही. आम्ही दोघं त्या दिवशी इतके खूश होतो की मी पण त्यांच्याच चंचीतला बार भरला.

कोनाड्याची कीर्ती पसरायला वर्तमानपत्र लागलं नाही, नथ्थूभाईंचं तोंड पुरलं. प्रकाशा, सारंगखेडा, तळोदा, कुठून कुठून लोक यायचे आणि बसायच्या आधीच बजावायचे, “कोनाडावाली पाहिजे.” ज्यांची कवळी दुसरीकडून केलेली होती, तेही नुसता कोनाडा कोरून घ्यायला येत. सुरतेच्या माझ्या उस्तादांना ही युक्ती सुचली नव्हती, याचा मला भारी अभिमान होता. आज तो आठवला की कानशिलं तापतात.

दोन वर्षांनी नथ्थूभाई म्हणाले, कवळी गालाला लागते. बघितलं तर डाव्या गालाच्या आत, कोनाड्याच्या बरोबर समोर, छोटीशी जखम. आमच्या धंद्यात जखम म्हणजे कवळीची कड टोचतेय, आणि त्यावर इलाज म्हणजे कानस. मी कड घासली. पंधरा दिवसांनी ते परत आले, मी परत घासली. असं चार महिने चाललं. मी कानस फिरवतोय, ते समोर बसून चुना मळतायत, मळून झाला की अर्धा मला देतायत. “दुखस का?” मी विचारायचो. “जरासं भी नही,” ते सांगायचे. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं आम्हा दोघांचं वैद्यकशास्त्र होतं. इतकं उलटं शास्त्र दुसरं नसेल.

मग एके दिवशी जमनाबेन आल्या. नथ्थूभाईंची बायको. नवऱ्याला पुढे घालून आल्या होत्या. हातात पितळेची डबी, डबीत कवळी. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या,

“भाऊ, तू चार महिनापाईन दात घासी ऱ्हायना. मी काय करं, मालूम शे? महिनाभर दात मन्ही पेटीमा कुलूप लाई ठेवात. यासले पेज पाजी. तरी जखम भरनी नही, वाढनी. मंग हाऊ दात यासले चावस कसा? पेटीमाईन?”

नथ्थूभाई पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होते.

“आणि तंबाखू?” मी हळूच विचारलं.

“तीच तं मन्ही चूक. मी दात कोंडा, कोंडाले पाहिजे व्हती ती चंची.”

शाळेत न गेलेल्या त्या बाईने साध्या पेटी-कुलपात जे तपासून बघितलं, ते मला चार महिन्यांत सुचलं नव्हतं. मी हात धुतले आणि पहिल्यांदाच ती जखम नुसती न बघता बोटाने चाचपली. कडा कडक होत्या. मऊ गालात सुपारीचं खांड रुतून बसावं तशा. माझं बोट तिथेच थबकलं. कवळी दुसऱ्या दिवशीही घासता आली असती. हे कानशीचं काम नव्हतं.

तिघंही तसेच सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, कमी बोलणारे. त्यांनी बराच वेळ बघितलं, गळ्याखाली चाचपलं आणि म्हणाले, “हे दाताने झालेलं नाही, तंबाखूने झालेलं दिसतं. मुंबईला मोठ्या इस्पितळात न्या. कॅन्सर असेल तर एकेक आठवडा महत्त्वाचा आहे. आता गेलात तर वाचण्याची आशा आहे.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्हीही खाता ना? आ करा बघू.”

“साहेब, दुकान उघडं टाकून आलोय,” मी म्हणालो आणि निसटलो.

पण नथ्थूभाई मुंबईला निघेनात. कापूस वेचणीला आला होता. “कापूस घरमा येऊ दे, मंग देखसूत,” एवढंच. कापसानंतर गुऱ्हाळ आलं असतं, गुऱ्हाळानंतर लग्नसराई. जमनाबेन रडल्या, भांडल्या, जेवायच्या थांबल्या. शेवटी मी कळसाडीला गेलो. नथ्थूभाई शेताच्या बांधावर बसले होते आणि अशा वेळीही चुना मळत होते. सवयीने अर्धा बार माझ्यापुढे केला. मी सवयीने घेतला.

“नथ्थूभाई, हात जोडतो. मुंबईला जा. आणि ही सोडा.”

त्यांनी माझ्या तळहातावरच्या तंबाखूकडे बघितलं. “खावाले दोन्ही जन, आनि सोडाले मी एकलाच? तू सोडी दे. तू सोडशी, तं मी मुंबईले जासू. नही तं नही.”

मला वाटलं, टाळायला शोधलेलं निमित्त आहे. पण त्यांच्या डोळ्यांत भीती होती. एवढ्या मोठ्या माणसाला एकट्याने घाबरायचं नव्हतं, कुणीतरी सोबत हवं होतं. मी उठलो. ते, जमनाबेन आणि मी बैलगाडीत बसून शहाद्याला आलो आणि गोमाईच्या पुलावरून मी माझी चंची, चुन्याच्या डबीसकट, नदीत टाकली. नथ्थूभाईंनी ती बुडेपर्यंत बघितली. तिसऱ्या दिवशी ते दोंडाईच्याहून आगगाडीत बसले.

मी अकरा दिवस टिकलो.

बाराव्या दिवशी असा विचार केला, की नथ्थूभाई मुंबईला पोचले, इस्पितळात भरतीही झाले. माझ्या सोडण्याचं जे काम होतं, ते झालंच की! माणूस स्वतःला फसवायला बसला की वकीलही त्याच्यापुढे फिका पडतो. नवी चंची आधीच्या चंचीपेक्षा चांगली घेतली.

चार महिने गेले. दुपारची वेळ. मी नुकताच बार भरला होता आणि एक कवळी घासत होतो. दारात सावली पडली. वर बघितलं तर नथ्थूभाई. धोतर, टोपी, सगळं तेच. डावा गाल मात्र आत गेलेला आणि जबड्याची डावी बाजू जवळजवळ नव्हती. मागे जमनाबेन उभ्या होत्या.

तंबाखू खाणाऱ्यांना सांगायला नको, तोंडात रस साठलेला असताना बोलता येत नाही. नथ्थूभाईंना कापाकापीमुळे बोलता येत नव्हतं आणि मला माझ्या लबाडीमुळे. माझा गाल फुगलेला होता आणि त्यांना फुगलेला गाल माझ्यापेक्षा जास्त चांगला कळत होता.

ते रागावले नाहीत. तेच फार जड गेलं. त्यांनी माझ्या दंडाला धरलं आणि मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. पिकदाणी पुढे केली. मी थुंकलो, चूळ भरली. मग त्यांनी माझ्याच टेबलावरचा आरसा माझ्या हातात दिला आणि रहीमचाचा घोड्याचा उलटा करतात तसा माझा ओठ अंगठ्याने उलटा केला.

“दे... देख,” ते म्हणाले. शब्द जिभेखाली अडकत, लाळेबरोबर बाहेर येत होते.

पंधरा वर्षं मी लोकांच्या तोंडात डोकावत होतो. आपल्या डाव्या गालाची आतली बाजू मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. तिथे पांढरा चट्टा होता. चुना फासलेल्या भिंतीसारखा, रुपयाएवढा, खरखरीत. मी बोटाने घासून बघितला, निघाला नाही. मी रडायला लागलो. स्वतःसाठी रडत होतो, हे लपवत नाही. पण तोंडातून निघालं ते वेगळंच, “नथ्थूभाई, कोनाडा मी केला. तुमचं वाटोळं मी केलं.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ घेऊन, एकेक शब्द गोळा करत म्हणाले,

“कोनाडा तू करा. तमाखू कोन भरी? मीच भरी.” मग माझ्या गालावर बोट टेकवलं. “आनि तुन्हा तोंडमा कोन भरस?”



त्याच दुपारी मी त्या कमी बोलणाऱ्या डॉक्टरांपुढे आपण होऊन आ केला. ते म्हणाले, ही सूचना आहे, निकाल नव्हे. सोडलीत तर चट्टा जाऊ शकतो, नाही सोडलीत तर काय होतं ते तुम्ही बघितलंच आहे. दर महिन्याला दाखवायला या.

यावेळी चंची नदीत टाकण्याचा थाट केला नाही. जमनाबेनना देऊन टाकली. त्यांनी ती पेटीत ठेवली आणि कुलूप लावलं. या बाईंच्या कुलपावर माझा विश्वास होता. पहिले पंधरा दिवस कसे काढले ते माझ्या घरच्यांना विचारा. अंगठा आपोआप तळहातावर फिरायचा. दोन कवळ्या मी इतक्या घासल्या की पापडासारख्या झाल्या. चहा थंड म्हणून भांडलो, गरम म्हणून भांडलो. बायको म्हणाली, “अहो, तंबाखू सोडलीत की माणुसकी?” खिशात भाजलेला ओवा ठेवायचो. चार वाजले की जीव नुसता घुटमळायचा, मग अर्धा तास दुकान बंद करून पुलापर्यंत चालत जाऊन यायचो.

सगळ्यांत अवघड होतं पुढे आलेली चंची नाकारणं. त्यावर मी तोड काढली. चंची दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची आणि परत द्यायची. मान ठेवला जातो, तोंड मोकळं राहतं. सुरुवातीला लोक हसले, ‘हाऊ तं तमाखूना पुजारी व्हयना’ म्हणाले. मग कुणीकुणी तसंच करायला लागले. सात-आठ महिन्यांत माझा चट्टा विरत विरत गेला.

राहिले ते कोनाडे. फळीवरचे साचे उतरवले, बुडाची नावं वाचली आणि सायकलवर गुलाबी अ‍ॅक्रिलिकचं सामान बांधून गावोगाव निघालो. एखाद्या कारागिराने आपल्याच कामगिरीवर लिंपण करत फिरावं, हे बघून लोकांना मी येडा झालो असं वाटलं. बरेच जण तयार झाले. शेजारी बसलेले नथ्थूभाई नुसते गालावरचा रुमाल बाजूला करायचे, भाषणाची गरज पडत नसे. हो, ते यायचे माझ्याबरोबर, शेतातून सुटका मिळाली की. एका आजीबाईंच्या कोनाड्यात लवंग होती. “तमाखू कव्हयच सोडी दिन्ही, पन जागा चांगली शे,” त्या म्हणाल्या. तो कोनाडा मी तसाच ठेवला.

पाच-सात जणांनी मात्र दारातूनच वाटेला लावलं. त्यांतले एक पुढे त्याच रोगाने गेले, मुंबईला जायला फार उशीर करून. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांचा साचा माझ्याकडे आहे. तंबाखू त्यांची होती हे मला ठाऊक आहे, पण तो उतार, त्या गुळगुळीत कडा माझ्या होत्या, हे मला विसरता येत नाही. नथ्थूभाईंनी माझा वाटा माफ केला, मी तो अजून केलेला नाही.

नथ्थूभाई पुढे बरीच वर्षं जगले. दत्तजयंतीला सारंगखेड्याला न चुकता यायचे. घोडे बघायच्या आधी माझ्या सतरंजीपाशी थांबायचे, भर यात्रेत, जिलबीवाल्यादेखत. मी टोपी काढून उन्हाकडे तोंड करायचो आणि आ करायचो. ते अंगठ्याने ओठ उलटा करून आधी डावा गाल बघायचे, मग उजवा, मग जिभेखाली. घाई नसे. पहिल्याच वर्षी भोवती दहा-बारा माणसं जमली. त्या गर्दीतून रहीमचाचा पुढे आले. त्यांनी नथ्थूभाईंची बघण्याची रीत नीट न्याहाळली आणि दलालाच्या गंभीर आवाजात विचारलं,

“नथ्थूभाई, ये जानवर बेचने का है क्या?”

नथ्थूभाईंनी माझा ओठ सोडला, अंगठा धोतराला पुसला आणि उरलेल्या जबड्याने, जमतील तसे शब्द जुळवत म्हणाले,

“नही, चाचा. हाऊ मन्हा शे.”